बाळारामचा ग्राइंडर थरथरला तेव्हा

अंजूरच्या बाळारामसारखी धार भिवंडीत कुणी लावत नाही, असं त्याची बायको गुणाबाई सांगे. आणि या बाबतीत ती फारसं खोटं बोलत नसे. कापडाच्या लूमचे मिस्त्री रिक्षा करून त्याच्या गाळ्यावर हत्यारं आणत.

पण दोन हजार चारच्या दसऱ्याआधी एकदा गुणाबाईकडून घेताना चहाची बशी त्याच्या हातात खडखडली आणि गडी खचला. बापाचे हात असेच कापू लागले होते. शेवटी म्हाताऱ्याला पाणीही दुसऱ्याच्या हातून प्यावं लागलं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी बाळारामने ग्राइंडर चालू करून छिन्नी धारेच्या गोल दगडाला टेकवली, तर ती थडथड उडू लागली. दुसऱ्याच्या मशीनचं असं झालं असतं तर त्याने आधी दगडच पाहिला असता. पण भीती एकदा उरावर बसली की जाणत्याचीही मती गुंग होते.

"हात गेलं माजं," तो मटकन खाली बसला. "गाळा मागतोय त्या गोदामवाल्याला देऊन टाकू."

"असं कसं? तुमच्या हातांसाठीच काल नवस बोलले मी. या मशीनवर नारळ फोडला."

"मशीनवर? कुठं गो?"

"त्या दगडावर. चांगलं पानी पाजलं त्याला."

बाळाराम ताडकन उठला. वीज बंद करून त्याने झाकण काढलं. दगडाचा खालचा भाग काळपट, ओला होता. नारळाचं पाणी रात्रभर मुरून खाली उतरलं होतं. एका अंगाला जड झालेला दगड फिरताना हादरणारच!

नारळाचा घाव बसलेला तो दगड उतरवून त्याने नवा बोटावर टांगला, लाकडी मुठीने हलकेच ठोकला. खणखणीत वाजला, म्हणजे तडा नाही. दोन्ही बाजूंना कागदी चकत्या घालून नट बेताचाच आवळला. बाजूला उभं राहून थोडा वेळ नुसता फिरवला, मग दगड घासायच्या ड्रेसरने त्याचं तोंड सारखं केलं. मशीन आता फक्त गुणगुणत होतं. छिन्नी टेकवली, तर धार सरळ उतरली.

गुणाबाई कोपऱ्यात चोरासारखी उभी होती. "नवस उलटाच पडला ना?"

"न्हाय गो, पावला. पन पुढच्या खेपेला उंबऱ्यावर फोड."

त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिने ते घट्ट पकडले, आणि तेव्हा दोघांनाही कळलं, कापत होते ते तिचे हात, त्या दिवशी बशी देतानाही.