बस सुटल्यानंतरचे दोन गोल

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. तुम्ही फक्त वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी, त्याच चार टाळक्यांबरोबर बसायचं. बाकी ते आपोआप साठतात, माळ्यावर रद्दी साठते तसे. एक दिवस भलतंच काहीतरी शोधायला वर चढावं आणि तिथेच मांडी घालून वाचत बसावं, तसं माझं हल्ली होतं.

आमचं ठिकाण म्हणजे जळगावच्या फुटबॉल मैदानाचा मातीचा बांध. साल साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. पाच वाजले की सायकल थेट बांधाकडे! ऊन तिरपं झालेलं असायचं. बावीस पोरांच्या पायांनी उडालेली धूळ त्या उन्हात तरंगत राहायची आणि तिच्यातून मधूनच एखादा निळा शर्ट, मधूनच बॉल दिसायचा. कोण कोणाला पास देतंय ते कळायचं नाही. पण इतकं छान वाटायचं की नाही कळलं तरी चालायचं. गावातले क्रिकेटवाले आम्हाला हसायचे. हसू देत! त्यांना अशी धूळ कुठली मिळायला?

*

बांधावरचा सर्वांत मोठा आवाज नानांचा. नाना केळीचे ट्रक भरून घेणारे मुकादम. दिवसभर इंजिनांच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे कानात बोलले तरी स्टेशनपर्यंत ऐकू जायचं. फुटबॉलमध्ये नानांचं एकच मत होतं, रेफ्री समोरच्या टीमला मिळालेला असतो. कोणताही रेफ्री, कोणतीही टीम!

एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. नाना ओट्यावर बाजेवर आडवे, छातीवर ट्रान्झिस्टर, डोळे मिटलेले. खरखरीतून कलकत्त्याच्या कुठल्यातरी मॅचची कॉमेंट्री चालू होती, आणि तीसुद्धा बंगालीत! मी बाजेच्या कडेला टेकलो. एक अक्षर कळत नव्हतं. निंबाची सावली अंगणात हलत होती, लांब कुठेतरी हजारो माणसं ओरडत होती आणि आम्ही दोघं त्यांच्यात जाऊन बसल्यासारखे गप्प होतो. मला तर डुलकीच लागली.

एकदम नाना ताडकन उठून बसले. "चोर साला! सरळ सरळ पेनल्टी होती!"

"नाना, तुम्हाला बंगाली येतं?"

"त्याच्यात काय यायचंय? आवाजावरून कयतं भो!"

आणि पुन्हा डोळे मिटून आडवे झाले.

*

नानांच्या शिव्या खाणारा आमचा हक्काचा रेफ्री म्हणजे रफीकभाई. धंद्याने टेलर. काळी हाफ पँट स्वतः शिवलेली, कडक इस्त्रीची. आणि खिशात शिट्टीच्या जोडीला मापाची टेप!

फ्री किकच्या वेळी खेळाडूंची भिंत बॉलपासून दहा यार्डांवर हवी, हा नियम. बाकीचे रेफ्री पावलं मोजतात. रफीकभाई टेप काढायचे. टेप पाच फुटांची, म्हणजे दहा यार्डांना सहा वेळा लावायची. गुडघ्यावर बसून, मातीत नखाने खूण करत, तोंडाने आकडे पुटपुटत ते पुढे सरकायचे. तोवर बॉल मारणारा कमरेवर हात ठेवून घरी चाललेले बगळे पाहत राहायचा. भिंतीतली पोरं खाली बसून बुटांच्या नाड्या बांधायची. सगळं मैदान कसं निवांत होऊन जायचं.

एकदा भुसावळकडच्या टीमचा कॅप्टन वैतागला. "रफीकभाई, अंदाजे द्या ना!"

रफीकभाईंनी मान वरसुद्धा केली नाही. "अंदाजाने कापलेली पँट घालशील का?"

बिचारा पुन्हा बगळे पाहायला लागला. पुढे ती फ्री किक बांध ओलांडून रस्त्यावर गेली, ती गोष्ट वेगळी.

*

मे महिन्यातली मॅच. आमच्या गोलकीपरने लांबलचक गोलकिक मारली. बॉल वर गेला आणि नेमकी मैदानाच्या मधोमध वावटळ उठली. पालापाचोळा, कागद, कोणाचा तरी रुमाल, सगळं गरगर फिरत वर निघालं. बॉल त्यात शिरला, थबकला, दोन गिरक्या घेतल्या आणि सावकाश, अगदी आरामात, परत येऊन आमच्याच गोलमध्ये शिरला! कोणी जागचं हललंच नाही. नाना इतकी वर्षं ओरडत होते, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज फुटेना.

मग समोरची टीम भानावर आली आणि नाचायला लागली. रफीकभाईंनी शिट्टी मारली. "कॉर्नर!"

झालं! समोरचे म्हणतात, गोल द्या. आमचे म्हणतात, वाऱ्याने मारलेल्या बॉलला कॉर्नर कशाचा? रफीकभाई शांत. "पुस्तकात आहे. आपल्याच गोलकिकचा आपल्यावर गोल होत नाही, कॉर्नर होतो. वाऱ्यासाठी वेगळं कलम नाही."

संध्याकाळी दोन्ही कॅप्टन भांडायला त्यांच्या दुकानात गेले. तेही एकाच सायकलवर, डबलसीट! रफीकभाईंनी मशीन थांबवलं. "दोघंही नाराज ना? मग बसा, चहा घ्या. काम बरोबर झालंय."

*

आता पेपरवाले. म्हणजे आमचे देशमुख सर. दिवसा शाळेत भूगोल शिकवायचे, संध्याकाळी इथल्या एका दैनिकाचे क्रीडा वार्ताहर. बांधावर आमच्यापासून जरा लांब, वही मांडीवर घेऊन बसायचे. पण नजर मैदानावर कमी आणि आभाळात जास्त.

आम्हाला त्या बातमीचं भारी वेड. मॅच आम्ही डोळ्यांनी पाहिलेली असायची, तरी सकाळी चहाच्या टपरीवर पेपर उघडून नाना मोठ्याने वाचणार, तेव्हा कुठे मॅच झाल्यासारखी वाटायची. छापून आलेलं नसलं तर आपण काल तिथे होतो की नाही, अशी शंका यायची!

वावटळीच्या मॅचची बातमी आली चौदा ओळींची. तापीच्या खोऱ्यातली उष्ण हवा, कमी दाबाचा पट्टा, वावटळीची दिशा, मावळतीचे रंग. फार सुंदर! नाना वाचता वाचता हळू आवाजात आले होते. शेवटी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मॅच कोण जिंकलं ते कुठेच नव्हतं.

मी सरांना गाठलं. "सर, स्कोअर राहिला."

"अरे बापू, स्कोअर सगळ्यांनी पाहिलाच की! वावटळ कुठून आली ते कोणी पाहिलं?"

मी चहा सांगितला.

*

आता धुळ्याची फायनल. हे सांगताना माझा आवाज जरा बदलतो, सांभाळून घ्या.

धुळे विरुद्ध जळगाव, मैदान धुळ्याचं. ऐन वेळी नेमलेला रेफ्री तापाने पडला, तेव्हा धुळेवालेच म्हणाले, "रफीकभाईंना उभं करा." जळगावचा माणूस असून! आमची कॉलर ताठ झाली. मनातून खूशही झालो. आपला माणूस आहे, थोडं इकडे-तिकडे पाहीलच ना! खोटं कशाला बोलू, आम्हाला निःपक्षपाती रेफ्रीच हवा असायचा, फक्त आमच्या बाजूचा.

धुळ्याहून बातमी पाठवायची एक पद्धत ठरलेली होती. देशमुख सर मैदानातच बातमी लिहायचे आणि पाकीट साडेपाचच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात द्यायचे. आठला जळगाव स्टँडवर पेपरचा माणूस ते उतरवून घ्यायचा. त्यानंतरच्या बसने पाठवलं तर पान लागून गेलेलं असायचं. मॅच चारला सुरू होणार, म्हणजे सरांना सव्वापाचला उठावंच लागायचं. उठण्याआधी ते शेवटची ओळ लिहायचे, 'अखेरपर्यंत हीच स्थिती कायम राहिली.' आणि बहुतेक वेळा राहायचीसुद्धा! नाहीतर शेवटची वीस-पंचवीस मिनिटं आमच्या पेपरात घडायचीच नाहीत.

त्या दिवशी सव्वापाचला जळगाव एक, धुळे शून्य. सर उठले, पाकीट चिकटवलं, मागून घेतलेल्या सायकलवर टांग मारून गेले.

पाच मिनिटांत धुळ्याने हेडरने बरोबरी केली. आणि शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलसमोर झुंबड, धूळ, आणि शिट्टी! धूळ जरा खाली बसली तर रफीकभाईंचं बोट पेनल्टीच्या जागेकडे. आमच्या सुनीलने बॉल हाताने अडवला, असं त्यांचं म्हणणं. सुनील म्हणजे आमचा डिफेंडर, एरंडोलकडच्या खेड्यातला, मैदानात एक शब्द न बोलणारा. पेनल्टीवर गोल झाला. कप धुळ्याला.

आम्ही जळगावचे तीस-चाळीस जण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो. सूर्य समोरून डोळ्यात. काहीही दिसलं नव्हतं. तरी सगळे बोंबललो. मीही बोंबललो, "हात लागलाच नाही!"

सकाळी पेपरात मथळा, 'जळगाव अजिंक्य!' खाली, 'सुनीलचा अभेद्य बचाव'. गावाने आधी पेपर वाचला, मग आमचं ऐकलं, आणि गावाचं ठरलं. छापून आलेला विजय रफीकने मागाहून धुळ्याला देऊन टाकला! टपरीवर हे सगळ्यात मोठ्याने कोण बोललं असेल? नाना. दोन दिवसांत लोक दुकानातून न शिवलेली कापडं परत घेऊन जायला लागले.

रफीकभाईंनी शिट्टी मशीनच्या खणात टाकली. "जळगावच्या एका तरी माणसाने लिहून दिलं की पेनल्टी बरोबर होती, तरच मी मैदानात पाय ठेवीन."

देशमुख सर बिचारे खजील झाले होते. दुरुस्ती छापायला ते तयार, पण संपादकांची अट, टीमकडून किंवा प्रेक्षकांकडून लेखी हवं. रेफ्रीचं चालणार नाही, कारण आरोप रेफ्रीवरच.

मग रफीकभाई माझ्याकडे आले. "बापू, तू होतास. लिहून दे."

"मला दिसलंच नाही हो, रफीकभाई. सूर्य डोळ्यात होता."

"मग हात लागला नाही, ते कसं दिसलं?"

लाज वाटली. अजून वाटते.

नानांकडे गेले, तर नाना म्हणाले, "रफीक, माणूस तू सोन्यासारखा आहे. पण मी आणि रेफ्रीच्या बाजूने? लोक काय म्हणतील!"

उरला सुनील. मी म्हटलं, त्यालाच विचारू. रफीकभाई माझ्यावर एकदम भडकले. "त्या पोराला कोणी काही विचारायचं नाही!" कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी सुनीलची एका मोठ्या कारखान्यात खेळाडूंच्या कोट्यातली ट्रायल होती. तिथे पेपरची कात्रणं दाखवावी लागत. इतकी वर्षं खेळून सुनीलचं नाव छापून आलेलं कात्रण एकच, परवाचं. घरी चार भावंडं, हा थोरला. नोकरी लागली तर घर वर यायचं.

चौथ्या दिवशी दुपारी मी रफीकभाईंबरोबर पेपरच्या कचेरीत गेलो. लिहून देण्याची हिंमत नव्हती, निदान सोबत तरी करावी म्हणून. छपाईचं मशीन बंद होतं. शाईचा वास, वर पंखा हळूहळू फिरतोय, त्या वाऱ्याने टेबलावरचे कागद झोपेत कूस बदलल्यासारखे हलताहेत. देशमुख सर पुन्हा तेच सांगत होते. रफीकभाई बाकावर बसून ऐकत होते. मला वाटत होतं, हे सगळं स्वप्न असावं, आत्ता कोणीतरी हलवून उठवेल आणि मॅच पुन्हा सव्वापाचवर असेल.

दार लोटून सुनील आत आला. पाय धुळीने भरलेले, काखेत प्लॅस्टिकची फाइल.

"सर, एक कागद द्या."

रफीकभाई उभेच राहिले. "सुनील, घरी जा. सोमवारी तुझी ट्रायल आहे."

"माले माहीत शे, भाई."

त्याने फाइल उघडली, कात्रण काढलं, टेबलावर ठेवलं आणि उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवलं. मग खुर्ची ओढून लिहायला बसला. अक्षर मोठं, सावकाश. सर त्याच्या खांद्यावरून वाचत होते. 'बॉल माझ्या हाताला लागला होता. पेनल्टी बरोबर होती.' रफीकभाईंनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

देशमुख सर पडले वार्ताहर. त्यांनी सवयीने वही उघडली, पेनचं टोपण काढलं. "कोणता हात?"

सुनील सही करत होता. त्याने मान वर केली नाही, फक्त पेन धरलेला हात जरा उचलला.

"हाऊच."