पाणकर आणि डिझेलची मोटार

पाणकरांच्या धोतराच्या सोग्याला नेहमी राखेची एक पुरचुंडी बांधलेली असे. चुलीतली, वस्त्रगाळ केलेली, कोरडी राख. कुठे काही झिरपतंय असा संशय आला की ते चिमूटभर राख तिथे भुरभुरायचे, उकिडवे बसायचे आणि एक विडी संपेपर्यंत तिच्याकडे पाहत राहायचे. राख पांढरी राहिली तर उठायचे. एक ठिपका जरी काळवंडला तरी जागचे हलायचे नाहीत. "माणूस खोटं बोलन, राख नाही बोलत," असं त्यांचं म्हणणं.

ज्यांचं बालपण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलं त्यांना पाणकर म्हणजे कोण ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. तलावाचं पाणी कुणाच्या धानाला, कोणत्या दिवशी, किती वेळ जाईल हे ठरवणारा, आणि पाळीतल्या दारातून, म्हणजे तुडुमातून, ते सोडणारा माणूस. आमचं गाव नवेगाव बांधापासून दोन कोसांवर. आमचा तलाव त्या मानाने लहान, पण तो पाणकरांच्याच पूर्वजांनी बांधलेला. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला की लोक त्यांना वाटेत गाठायचे. "काय गा पाणकर, कसं हाये?" ते म्हणायचे, "गळत नाही." तेवढ्यावर गाव निर्धास्त झोपायचं. मी त्यांना काका म्हणत असे, पण लिहिताना पाणकरच म्हणतो. गावात त्यांचं नाव तेच होतं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी चोविशीत होतो, घरी धानाची शेती होती आणि डोक्यात मोटार होती. गोंदियाला एका जंगल ठेकेदाराच्या वाड्यात मोहाच्या झाडाखाली एक जुनी मोटार उभी होती. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून नागपूरला कुणीतरी डिझेलचं बसवलं होतं. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी दार उघडलं, ती हलली नाही. मी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि समोरच्या धुळकट काचेतून मला आमची पाळ दिसली, दोन्हीकडे पाणी, आणि मी चाललो आहे. असा मी ती मोटार विकत घेतली. इंजिन पाहिलंच नाही.

एका ट्रकमागे दोर बांधून ती कोहमाऱ्यापर्यंत आली. पुढे बैलांनी ओढली. गावात शिरताना कुणीतरी ओरडलं, "अबे, पाटलाच्या पोरानं चाकं लावून कोंबड्याचा खुराडा आणला!" बाबा ओसरीवरून उठलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "इंजिन बदललेली गाडी हाये. गोंदियाले मोटारीच्या साहेबापुढं पास झाली पाहिजे. होळीपर्यंत झाली त ठेव. नाही त याच बैलानं परत नेतो."

गोंदियाहून मिस्त्री आणला. तो दोन दिवस राहिला, कोंबडीचा रस्सा जेवला आणि म्हणाला, "बाबूजी, इसमें मुर्गी ही पालो." तो निघायच्या तयारीत असताना पाणकर तिथे उभे होते. त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला. तेल येते कुठून आणि जाते कुठं? मिस्त्रीने कंटाळत बोटाने दाखवलं. ही टाकी, ही नळी, ही गाळणी, हा पंप, आणि पंपातून चार नळ्या चार सिलिंडरला. एकेकाला बारी-बारीने, आपापल्या वेळेला.

पाणकरांनी टाकीपासून चारही नळ्यांपर्यंत बोट फिरवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे चार कास्तकार हायेत, अन् पाळी लागली हाये. हे त माहंच काम हाये ना गा!"

त्या दिवसापासून पुढचे चार महिने ते गाडीखाली होते. त्यांनी टाकी उतरवली, तिच्यात नदीची वाळू आणि बैलाची साखळी घालून दोन गड्यांकडून दिवसभर हलवून घेतली. गंजाचा चिखल निघाला. "पाहा, गाळ उपसला का तलाव नवा," ते म्हणाले. नळ्या त्यांनी तोंडाने फुंकून साफ केल्या. रेडिएटरची भोकं कल्हईवाल्याकडून बुजवून घेतली आणि प्रत्येकावर राख टाकून पाहिली. कल्हईवाला चिडला. "माह्यावर भरोसा नाही का?" पाणकर शांतपणे म्हणाले, "तुह्यावर हाये. भोकावर नाही." मी बसने गोंदिया-नागपूर करून सामान आणत होतो. सीटमधला काथ्या कोंबडीने उकरून टाकला होता, तिथे धानाचं तणस भरलं.

डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन चालत नाही. ती हवा काढायला गाळणीवरचा एक नट जरा सैल करायचा, पंपाची दांडी अंगठ्याने दाबत राहायची, आधी फेस येतो, मग स्वच्छ धार, की नट कसायचा. हे काम पाणकर इतक्या हलक्या हाताने करत की पाहत राहावंसं वाटे. त्यांचे दोन नियम होते. टाकी चार बोटांच्या खाली जाऊ द्यायची नाही. "तळाचं पानी सोडत नसतात. तिथं गाळ रायते, अन् गाळामागून हवा येते." आणि दुसरा, त्या नटाला त्यांच्याशिवाय कुणी पाना लावायचा नाही. "एका तुडुमाले एकच हात. दोन हात लागले का कोनाचंच ध्यान रायत नाही."

बॅटरी म्हातारी होती, म्हणून पहिल्यांदा गाडी पाळीच्या उतारावरून ढकलून सुरू केली. काळा धूर निघाला, मग आणखी काळा, मग तो ठोका लागला, ठक् ठक् ठक्, आणि खालच्या धानाच्या बांधीतून सारसांची जोडी उडाली. पाणकर गाडीच्या बाजूने अनवाणी धावत होते आणि हसत होते. साठीचा माणूस असा हसलेला मी तेव्हा प्रथम पाहिला.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी अजूनही माझ्या डोळ्यांपुढे येतात. पाळीवर धुकं, तलावावर धुकं, मधून गाडी चाललेली. रस्ता कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नसे. आपण पाण्यावरूनच तरंगत चाललो आहोत असं वाटे. पाणकर बाजूला बसत, पाय वर घेऊन, पाटावर बसावं तसे. डोळे अर्धे मिटलेले, एक हात समोरच्या पत्र्यावर टेकवलेला. इंजिन हातानेच ऐकत. मी वेग वाढवला की त्यांची बोटं दोनदा पत्र्यावर आपटत. "हळू बापू. पानी जाते तसं जा." दूर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्या धुक्यात अर्ध्याच दिसत. मला वाटे, असंच जावं, गोंदिया येऊच नये.

पण बाबांची होळी जवळ आली. सोमवारी पासिंग होतं. गावात पाणकरांना टोमणे मारणारे होतेच. "तुडुम सोडता सोडता आता मोटार सोडून राहिला म्हणे!" पाणकर त्यांना म्हणाले, "सोमवारी पाहा." शनिवारी सकाळी त्यांनी प्रत्येक जोडावर राख टाकली. मला शेजारी बसवून घेतलं. विडी संपली. राख पांढरीच. "गळत नाही," ते म्हणाले, आणि लेकीला भेटायला अर्जुनीला गेले.

आता माझं सांगतो. रविवारी दुपारी मी एकटाच गाडी घेऊन निघालो. कोहमाऱ्याच्या पुढे एका गावात माझं लग्न ठरत होतं. त्या घरासमोरून मी तीनदा हॉर्न वाजवत गेलो. तिसऱ्या खेपेला खिडकीत कुणीतरी आलं. त्या आनंदात टाकीकडे पाहिलं नाही, आणि परतताना कोहमाऱ्याच्या अलीकडे गाडी घरघरून बंद पडली. टाकी कोरडी. एका ट्रकवाल्याने डिझेल दिलं आणि पाना दिला. पाणकर करत तसंच मी केलं. नट सोडला, दांडी दाबली, फेस आला, धार आली, नट कसला. गाडी सुरू झाली. मला वाटलं, जमलं आपल्याला! घरी येऊन पिंपातून टाकी होती तेवढी भरून ठेवली.

संध्याकाळी पाणकर परतले. त्यांनी विचारलं, "कोनी हात त नाही लावला ना?"

मी म्हणालो, "नाही काका."

त्यांनी पुन्हा राख टाकली नाही. माझ्या शब्दाला त्यांनी राखेइतकं मानलं.

सोमवारी गोंदियापर्यंत गाडी छान गेली. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मग चढावर थांबवून पुन्हा उचलायला सांगितली. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. बॉनेट उघडलं तर गाळणीवरच्या नटाखालून डिझेल ओघळत होतं.

"मिस्त्री कौन है?" साहेबांनी विचारलं.

"मी," पाणकर पुढे झाले.

"बाबा, नट तो कस लिया करो. रास्ते में किसी की जान जाएगी."

बाजूचा एक ड्रायव्हर हसून म्हणाला, "साहब, ये खेत में पानी छोड़ता है, आदत से मजबूर है." सगळे हसले. पाणकरांनी नटाला बोट लावलं. तो नुसत्या बोटाने फिरला. ते त्या नटाकडे नाही, आपल्या बोटाकडे पाहत राहिले. मी तिथे चार हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

त्यांनी नट कसला, हवा काढली, आणि गाडी घरापर्यंत विनातक्रार आली. वाटेत ते एकदाच बोलले. "राख पांढरी होती बापू. तू पाह्यली होती ना?"

"हो."

"मंग?"

मी रस्त्याकडे पाहत गाडी चालवली.

गाडी पास झाली नाही, होळी आली, आणि बाबांनी ती विकून टाकली. तिचं इंजिन पुढे कुठल्याशा गिरणीत धान भरडत होतं. त्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं. पण गावात एक वाक्य फिरू लागलं, "नट दिसला नाही, तुडुमाची चीर दिसन का?" लोक तोंडावर बोलत नसत. पाणकरांनी राख टाकून पाहिल्यावर दुसरा कुणीतरी हळूच जाऊन पाहून येई, एवढंच. पाणकरांना ते कळत होतं. त्यांनीच मला सांगितलं, "माहे डोळे गेले वाटते."

मला वाट सापडल्यासारखं झालं. मी त्यांना मोठ्या आपुलकीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणतील मोतीबिंदू आहे, चष्मा लागेल, गावाचं समाधान होईल आणि मला काही बोलावं लागणार नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि पाठीवर थाप मारली. "या वयात असे डोळे! काही झालेलं नाही."

पाणकर बाहेर येऊन पायरीवर बसले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना आनंद व्हायला हवा होता.

"डोळे गेले असते त चष्मा लावला असता," ते म्हणाले. "डोळे चांगले हायेत, म्हणजे ध्यान गेलं बापू. ध्यानाले चष्मा नसते."

पावसाळ्याआधी गावाची बैठक झाली. तिथे त्यांनी स्वतःच उठून तुडुमाचं काम पुतण्याकडे दिलं. "माह्या हातावर माहाच भरोसा राहिला नाही. गावानं कायले ठेवावं?" बैठकीत सगळे होते. बाबा म्हणाले, "राहू द्या पाणकर, चूक कोनाच्याही हातून होते." मीही मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या गाडीची माणसं आता कुणी उरली नाहीत. खिडकीत आलेली मुलगी माझी बायको झाली, तीही गेली. तिला मी हे कधी सांगितलं नाही. म्हणून नव्वदीच्या उंबरठ्यावर लिहून ठेवतो. नट मी सोडला होता. कसताना मी सैल ठेवला. पाणकरांच्या हातून काहीही सुटलं नव्हतं, ना गाडीचं, ना तलावाचं. त्या सोमवारच्या आधी नव्हतं, नंतरही नाही.

शेवटची भेट त्यानंतर चार वर्षांनी झाली. ते घरासमोर चिंचेखाली बसून ढिवरांसाठी जाळं विणत होते. बारीक घरांचं जाळं, मांडीवरून खाली अंगणभर पसरलेलं. मला पाहून त्यांनी विणणं थांबवलं. "बरं झालं आला. पाहून दे गा, कुठी घर सुटलं त नाही? माहं ध्यान रायत नाही."

मी खाली बसलो. जाळ्याचं एकेक घर बोटांनी चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. खूप वेळ लागला. एकही गाठ सैल नव्हती, एकही घर चुकलं नव्हतं. मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, शाळेतलं पोर मास्तरांकडे पाहतं तसे. आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं.

"एकही नाही सुटलं काका," मी म्हणालो.

"तुले तसं वाटते," ते म्हणाले, आणि जाळ्याचं पहिलं टोक शोधून त्यांनी पुन्हा पहिल्या घरापासून मोजायला सुरुवात केली.