डोंगरावरच्या फुलाचं नाव

आमच्या किनवटकडच्या डोंगरावर भादव्यात एक पिवळं फूल येतं. नांदेडला कॉलेजातल्या सरांना दाखवलं, तर म्हणाले, डेझीच्या कुळातलं, रानटी. लांबलचक नावही सांगितलं. असेल बाबा! आमच्या गावात त्याला बाईचं नाव असतं, आणि ते बदलतं. डोंगरावर जाऊन न परतलेली जी सगळ्यात अलीकडची बाई, तिचं. महालक्ष्म्यांसाठी ते फूल तोडताना आधी त्या नावानं हाक मारायची, मगच हात लावायचा. आजी एक नाव घ्यायची, आई दुसरं.

नवं नाव आधी त्या बाईच्या घरानं उच्चारायचं, ही रीत. उच्चारलं की वाट बघणं संपलं.

माझी धाकटी बहीण भर दुपारी फोनला रेंज मिळेना म्हणून डोंगरावर चढली. चप्पल सापडली, ती नाही. पोलिसांचं कुत्रं त्या फुलांपर्यंत गेलं आणि खाली बसलं. ओढलं तरी उठेना.

तेव्हापासून सारं गाव आईच्या तोंडाकडं टपून. शेजारीण मुद्दाम विचारायची, "काकू, त्या पिवळ्या फुलाला काय म्हंत्यात वो?" असा संताप यायचा मला! आई जुनंच नाव सांगायची आणि रात्री बहिणीचं ताट मांडायची. आमच्या घरापुरती ती जिवंत होती.

फुलं मात्र डोंगर उतरत होती. आधी पायथ्याला आली, मग आमच्या बांधावर. यंदा महालक्ष्म्या यायच्या दिवशी बघते तर थेट उंबऱ्याशी. मी उपटायला वाकले तशी आई ओरडली, "हात लावू नको!" खाली बसून तिनं फुलावरून हात फिरवला, बहिणीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "आलीस का गं?"

भिंतीपलीकडं शेजारीण होतीच. घटकाभरात गावभर झालं. टोपल्या घेऊन बाया डोंगरावर निघाल्या, माझ्या बहिणीला हाका मारत.

मी त्यांच्यावर भडकले. "आईनं फुलाचं नाव न्हाई ठेवलं, पोरीला बोलावलंय!"

"म्हनू दे गं," आई म्हणाली. "मी एकटी किती हाका मारू? आता सारं गाव मारून राहिलंय. एखाद्या हाकेला तरी ओ देईल."

आम्ही दोघी उंबऱ्यात बसून ऐकत राहिलो. बायांच्या हाका चढत चढत वर गेल्या आणि एकदम थांबल्या. मग वरून, खरं सांगते, ओ आली.

आईनं माझ्याकडं बघितलं, उठली आणि ताट मांडलं.