तिसरीचा मोकळा खिळा

माझं तोंड आधी सुटतं, डोकं मागून येतं. नवरा हे लग्नापासून सांगत आलाय. त्या मंगळवारी ते अख्ख्या गावानं टीव्हीवर पाहिलं.

माझ्या तिसरीतल्या लेकीच्या शाळेत एक शिपाईमावशी आहेत. एकोणीस वर्षं झाली, त्यांचा एकच हट्ट. तास चालू असताना बाथरूमला जायचं, तर पाण्याच्या टाकीजवळच्या खिळ्यावरची आपल्या वर्गाची लाकडी पट्टी गळ्यात अडकवायची आणि आलं की परत टांगायची. मोडक्या बाकाच्या फळीतून त्यांनी स्वतः चौदा पट्ट्या कापल्या, घासल्या, वर्गाचे आकडे रंगवले. पट्टी नसेल तर मावशी मोठ्या बाईंनाही अडवतील, असं मुलं म्हणतात. त्या पट्ट्यांच्या दोऱ्या कळकट झाल्या म्हणून पालकसभेत मीच आवाज चढवला होता. ‘‘मुलं काय गुरं आहेत, गळ्यात ओंडके बांधायला?’’ मावशी दाराशी उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोऱ्या धुतलेल्या होत्या.

तर त्या मंगळवारी आम्हाला उशीर झाला. चूक माझी. गिऱ्हाइकाचं एक काम संपवायच्या नादात मी शिलाई मशीनवरून उठलेच नाही. लेक वर्गात पोचली तोवर हजेरी होऊन गेली होती. बाईंनी तिला बसवून घेतलं, पण वहीत ती गैरहजरच राहिली.

अकराच्या सुमारास शाळेला मेल आला, इमारतीत बॉम्ब ठेवलाय म्हणून. सगळे वर्ग मैदानात नेले. बाईंनी डोकी मोजली, वहीशी ताळा जुळला, ‘‘तिसरी पूर्ण’’ असं सांगून टाकलं. माझी लेक तेव्हा बाथरूममध्ये होती. धावपळीचा आवाज ऐकून घाबरली आणि आतून कडी लावून बसली.

शेवटचे वर्ग बाहेर काढताना मावशींना तिसरीचा खिळा मोकळा दिसला. तोवर दारात पोलीस उभा राहिला होता.

‘‘तिसरी पूर्ण आहे मावशी, व्हा मागे.’’

‘‘पट्टी आलेली नाही,’’ म्हणाल्या आणि त्याच्या हाताखालून आत शिरल्या.

बातमी ऐकून मी धावत फाटकाशी पोचले तेव्हा मावशी लेकीला कडेवर घेऊन बाहेर येत होत्या. मी तिला अक्षरशः ओढून घेतलं. तेवढ्यात कुणीतरी तोंडापुढे माइक धरला. झालं! ‘‘माझी मुलगी आत राहिलीच कशी? ही मावशी काय करत होती?’’ दिवसभर तेच वाक्य, तोच माझा अवतार, पदर कुठे नि केस कुठे. संध्याकाळपर्यंत कळलं, बॉम्बबिंब काही नव्हतं. धमकी पोकळ होती. पण टीव्हीवाल्यांना आता मावशी सापडल्या होत्या. ‘जबाबदार कोण?’ असं लिहून त्यांचा फोटो दाखवत होते. शाळेनंही घाबरून त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

जेवताना लेक म्हणाली, ‘‘आई, मी कडीच उघडत नव्हते. मग मावशी म्हणाल्या, अगं, पट्टी तरी दे, मला टांगायचीय. म्हणून मी उघडली.’’ मग हळूच, ‘‘बाईंनी मला मोजलंच नाही. मी वहीत नव्हते ना.’’

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

सकाळी त्या माइकवाल्या वार्ताहराला फोन लावला. सगळं सांगितलं. ‘‘ताई, ती बातमी आता जुनी झाली,’’ म्हणाला आणि ठेवून दिला. माझी बोंब ऐकायला पाच कॅमेरे होते, कबुलीला एकही नव्हता. मग सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. ‘‘उशीर माझा, बोंब माझी आणि शिक्षा त्यांना?’’ त्यांनी हजेरीची वही मागवून पाहिली. मी सगळं लिहून दिलं आणि ते माझ्याच सहीनिशी फाटकावरच्या फळ्यावर लावायला लावलं. सोमवारी मावशी कामावर आल्या.

रविवारी बसून मी जाड सुती कापडाच्या चौदा नाड्या शिवल्या होत्या, धुतल्या तरी आटणार नाहीत अशा. त्या घेऊन गेले. मावशींनी एकेक नाडी ओढून पाहिली. ‘‘चांगली आहे शिलाई,’’ म्हणाल्या. पालकसभेचा विषय नाही, टीव्हीचा नाही.

‘‘मावशी, माझी पोर तुमच्यामुळे…’’

‘‘थांबा जरा.’’

त्यांचं लक्षच नव्हतं. तिसरीचा खिळा मोकळा होता. त्या बाथरूमच्या बोळाकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. थोड्या वेळानं एक मुलगी ओले हात फ्रॉकला पुसत आली, पट्टी टांगून पळाली. मावशींनी पट्टी सरळ केली आणि माझ्याकडे वळल्या.

‘‘हं, आता बोला.’’

आयुष्यात पहिल्यांदाच माझं तोंड उघडेना. मी नुसते त्यांचे दोन्ही हात धरून उभी राहिले.