विझलेल्या भट्टीचा नियम

कोराडीच्या वीजकेंद्रात माझी सारी नोकरी बॉयलरसमोर गेली. मुलगी पुण्याची नोकरी सोडून प्रताप नगरला आमच्या घरी परत आली आणि डॉक्टरांनी सांगितलेला शब्द तिने आम्हाला सांगितला, "बर्नआउट". बायकोने मला हळूच विचारलं, "म्हणजे जळणं का?"

"नाही वं. जळून संपणं."

पोरीपुढे ठेवलेला चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, आणि ती नुसती बघत बसायची.

मेहुणा रविवारी आला तो तिची नोकरीची मुलाखत ठरवूनच. "भाऊजी, हे सारे फॅशनचे शब्द. आमाले कधी झालं का असं काही? उद्या पाठवा तिले."

बायको भावाच्याच बाजूने. "घरात बसून राहिली तर आणखीच बिघडन. तुम्ही काहून अडवता?"

आतल्या खोलीतून पोरगी म्हणाली, "जाते मी, बाबा." आवाजात काही जीवच नव्हता. आमचं बोलणं थांबावं म्हणून ती निघाली असती आणि तिथे कोसळली असती. माझं डोकं सटकलं.

"ऐक गा," मी मेहुण्याला म्हटलं. "बॉयलरची ज्योत विझली की नव्या माणसाले वाटते, घाला तेल, पेटवा परत. तिथंच घात होते. आत न जळलेला वायू कोंडून असते. ठिणगी पडली तर भट्टीच फुटते. म्हणून पहिले इंधन बंद. मग नुसती हवा सोडायची, आतलं सारं निघून जाईपर्यंत. वरून साहेबांचे फोन येतात, येऊ द्यायचे. तेवढा वेळ भट्टीले मी कोणाच्या बापाले हात लावू दिला नाही. हे तर माझं लेकरू आहे."

मेहुणा तर्री-पोहे तसेच टाकून गेला. बायकोने अबोला धरला. धरू दे म्हटलं. ज्याचा फोन आला त्याला एकच उत्तर दिलं, ती घरी आहे, आराम करून राहिली.

संध्याकाळी तिला स्कूटरवर बसवून सक्करदऱ्याच्या तलावाकडे न्यायचो. काही विचारायचो नाही. एकदा तिथल्या बाकावर ती हमसून हमसून रडली. मी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर तिने चणे मागितले.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी स्वयंपाकघरात लायटरचा आवाज आला. बायको तर माझ्याजवळ बसलेली होती.

"बाबा, आलं टाकू का?" आतून पोरगी.

"टाक."

बायकोचे डोळे भरून आले. किती दिवसांनी माझ्याशी बोलली, तेही कुजबुजत. "आता विचारू का तिले, नोकरीचं?"

"एक शब्द काढू नको वं. आत्ता कुठं ज्योत धरली आहे. लगेच भार टाकायचा नसते."

पोरीने तीन कप आणून ठेवले आणि आमच्यात येऊन बसली. आपला कप तिने गरम असतानाच संपवला.