मामांची बिनतारेची ट्राम

लातुरात रेल्वे स्टेशन सोडून कुठंही रूळ नाहीत, हे मान्य नसलेले जगात एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. जन्मभर पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करत, म्हणजे त्यांत नवी तांब्याची तार भरत आलेल्या या माणसाने मध्यंतरी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी शहरातली बॅटरीवरची ट्राम पाहिली. त्या दिवसापासून गंजगोलाई ते औसा रोड असे रूळ त्यांना साक्षात दिसतात. रस्ता ओलांडताना ते मध्येच थबकतात आणि "जाऊ द्या तिला," म्हणत मलाही दंडाला धरून ठेवतात. त्यांची योजना अशी: डबा रस्त्यालगत, चढायला पायरीच नाही; थांब्याच्या जमिनीखाली तांब्याची कॉइल, डब्याच्या पोटात दुसरी. माणसं चढेउतरेपर्यंत बॅटरी आपोआप भरते. "वर तार न्हाई, खांब न्हाई, मग तिकीट चहापेक्षा स्वस्त का न्हाई?" हा सवाल त्यांनी रेणापूरच्या एका लग्नात आहेर देता देता नवरदेवालाही केला होता. शेअर रिक्षा तर ते प्रत्येक चौकात अर्धा मिनिट उभी करायला लावतात. "मामा, ही गॅसवर चालती हो!" रिक्षावाला कळवळतो. "हाव, पण लोकायला सवय नको का लागायला?"

शेवटी त्यांनी कॅरम बोर्डावर अख्खं लातूर मांडलं. मिठाईच्या खोक्याची ट्राम थांब्यावर थांबायची, तिचा लाल दिवा हिरवा व्हायचा आणि ती खरोखर पुढं निघायची. बोर्ड घेऊन आम्ही महापालिकेतल्या एका साहेबांकडे गेलो. साहेबांनी तीन फेऱ्या कौतुकाने पाहिल्या आणि विचारलं, "नांदेडला झालीय का? तिथं होऊ द्या, मग बघू." दुसऱ्याच दिवशी मामा मला आणि बोर्डाला घेऊन एसटीने नांदेडला. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, चार फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, "आधी तुमच्या लातूरला तर चालू होऊ द्या की!"

लातूरला उतरल्यावर मामांनी रस्ता कुठंही न थबकता ओलांडला.

घरी मामी वाटच पाहत होत्या. "काय म्हणले?"

"बघू म्हणले. दोघंबी."

मामींनी खुर्ची बोर्डाजवळ ओढली आणि एकेका थांब्यावर बोट ठेवत सगळं गाव फिरून आल्या. "आक्काच्या घरापाशी थांबा कुठं हाय?"

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला. गुडघ्यांमुळे मामींना रिक्षाची पायरी चढवत नाही, म्हणून त्या वर्षभर तिच्याकडे गेल्या नव्हत्या. एवढ्या थांब्यांत नेमका तोच राहिला होता.

मामांनी तांब्याची तार काढली आणि नवी कॉइल गुंडाळायला बसले.

"सावकाश करा," मामी म्हणाल्या. "मला कुठं घाई हाय?"