आईची परमुलखातली पंचमी

परदेश म्हटलं की विमान, एवढंच आम्हा शिराळ्याकडच्या लोकांना ठाऊक. आमचा परदेश मात्र सायकलरिक्षातून आला. रस्त्यात एक आडवा बांबू, अलीकडे आपला शिपाई, पलीकडे नेपाळचा, आणि दोघेही पावसाला वैतागलेले. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला, दबकत दबकत बांबूच्या पलीकडे गेली आणि मागे वळून मला म्हणाली, "आगं, हितला चिखल बी आपल्यासारखाच हाय की!" मी मॅट्रिक झाले त्या वर्षाची, सत्तरनंतरची ही गोष्ट.

हा सगळा घाट माझ्या थोरल्या भावाने घातला होता. दादा तेव्हा फौजेत, गोरखपूरला. छावणीत साहेबलोकांच्या घरी वाढदिवस व्हायचे, केक कापायचे. ते बघून त्याच्या मनाने घेतलं की आपल्या आईचा वाढदिवस जन्मात कुणी केला नाही, तो आपण करायचा. तोही घरात बसून नाही, परदेशात, तळ्यात नाव घालून, हिमालय बघत. दादाचं सगळंच असं दांडगं असायचं.

आईची जन्मतारीख कुणाला माहीत नव्हती, पण तिथी पक्की होती. नागपंचमी. त्यामुळे बिचारीच्या वाट्याला वाढदिवस कधी आलाच नाही. त्या दिवशी अख्खं शिराळा नागोबाच्या मागे, घरात पै-पाहुण्यांचा रगाडा, आणि ही चुलीपुढे पुरणाचे दिंड उकडत बसलेली.

तरीही ती निघायला तयार नव्हती. त्याचं कारण मला आणि आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, माहीत होतं. दादा मिसरूड फुटायच्या आत भरती झालेला, त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात आणि पंचमीला नागोबाला भाऊ मानून पुजतात. आईला भाऊ एकच, आणि तो लढाईत गेला. घरी तार आली, माणूस आला नाही. पुढच्या पंचमीला गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता उपास कुणासाठी? आईने उपवास सोडला नाही. भाऊ आहे असंच धरून ती दरसाल नागोबापुढे हात जोडायची. एक पंचमी जरी चुकली तरी भाऊ आपल्या हातून कायमचा सुटेल, अशी तिला धास्ती होती. त्यानंतर तिला यावरून कुणी कधी टोकलं नाही. आबा तसे फटकळ, पण तेसुद्धा त्या दिवशी गप्प राहायचे.

शेवटी आबांनीच तिला उठवलं. "जा. पोरगं एवढं बलिवतंय. नागोबा काय एका सालानं रुसत न्हाई."

"आवं, तुमाला काय ठावं," आई म्हणाली, पण तिने ट्रंक भरायला घेतली.

बसने आम्ही पोखऱ्याला पोचलो. त्या रस्त्यापुढे आपला पसरणीचा घाट म्हणजे अंगण. हिमालय म्हणाल तर तो काही दिसला नाही. दादा हात लांब करून "त्या तिथं हाय बघ" म्हणायचा आणि आम्ही मायलेकी ढगांकडे बघून माना डोलवायचो. आईने पंचमीच्या आदल्या दिवशी बसमध्ये पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. दादाला वाटलं, तिला बस लागली.

पंचमीच्या सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. दादाच्या पलटणीतला एक नेपाळी दोस्त रजेवर आला होता. त्याचं घर तळ्यापलीकडे, आणि तोच आम्हाला नावेतून नेणार होता. नाव कसली, एका झाडाचं कोरलेलं खोड होतं ते. आई आधी काठावरच बसकण मारून बसली. दादाने तिला सरळ उचललं आणि आत ठेवलं. मध्यावर गेल्यावर पाऊस आला. समोरचं काही दिसेना, नाव डुलायला लागली, पाणी पायाशी चढलं. मी तर रडायच्या बेतात होते. आईने पिशवीतला तांब्या काढला, पदर खोचला आणि सपासप पाणी उपसायला लागली. "वल्हव रं, बघतोस काय!" असं तिने त्या दोस्ताला शुद्ध शिराळ्याच्या भाषेत सुनावलं, आणि त्याला ते बरोबर कळलं. दादा पोट धरून हसत होता. मग आईलाही हसू फुटलं. चिंब भिजलेली, केस सुटलेले, हातात तांब्या. इतकी मोकळी हसलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती. दादाचं मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं.

तळ्याच्या मध्ये एक बेट आहे, त्यावर देवीचं देऊळ. पाऊस ओसरेपर्यंत आम्ही तिथे थांबलो. दादाने पत्र्याचा डबा उघडला. आत गोरखपूरच्या बेकरीतला केक, थोडा चेपलेला. त्याने खिशातला चाकू उघडून आईपुढे धरला.

"आये, काप."

आईने हात मागे घेतला. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दादा विसरला नव्हता, पण ते सगळं भाजीला आणि विळीला, केकला कशाला, असा त्याचा हिशेब.

"आज चाकू लावत न्हाईत रं," आई म्हणाली.

"हितं कोण बगतंय? परमुलूख हाय ह्यो."

"नागोबाला मुलूख असतोय व्हय? ठेव त्यो चाकू. माझ्या भावाला लागंल."

दादाचा चेहरा पडला. इतके दिवस मनात घोकलेला बेत असा फिसकटलेला बघून त्याला राग आला, आणि आमच्या घराण्यात राग आला की जिभेला हाड राहत नाही. तो म्हणाला, "मामाला जाऊन किती वर्सं झाली, आये. आता त्येला काय लागणार हाय?"

कुणी म्हणजे कुणी इतकी वर्षं जे बोललं नव्हतं, ते माझ्या भावाने देवीच्या दारात बोलून टाकलं. आईने केक हाताने मोडला, आम्हाला सगळ्यांना दिला, स्वतःही तोंडात टाकला. मला दादाचा संताप आला आणि त्याची दयाही आली, कारण बोलल्याबरोबर तोच पांढराफटक पडला होता.

पलीकडच्या काठाला लागेपर्यंत आई पाण्याकडे बघत बसली होती.

दोस्ताचं घर चढावर होतं. पुढे चालणारी आई अंगणात एकदम थबकली. दोस्ताची म्हातारी आई शेण लावून दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवत होती. कागदावर फणा काढलेले नाग. खाली दुर्वा आणि द्रोणात दूध. त्यांच्याकडेही आज नागपंचमीच होती, घरोघरी दारावर नाग होते, आणि हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आईने चपला काढल्या. कुणाला न विचारता ती पुढे गेली आणि त्या म्हातारीने जणू रोजची ओळख असल्यासारखा द्रोण तिच्या हातात दिला. आईने दूध वाहिलं, डोकं टेकलं, आणि मग तिथेच उंबऱ्यापाशी बसून ती ओक्साबोक्शी रडली. मीही रडले.

म्हातारीचा नवरा फौजेत होता, छावण्यांमधून राहून तिला हिंदी येत होती. तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही विचारलं. आईला कळलं नाही, तिने दादाकडे बघितलं.

"इचारतीया, तुला भाऊ किती," दादा म्हणाला.

आईने एक बोट वर केलं.

म्हातारीने पुन्हा विचारलं, यावेळी दादालाच. मामा कुठे असतो तुझा?

दादा अंगणात तसाच उभा होता. त्याने एकदा आईकडे पाहिलं.

"फौज में है, माँजी," तो म्हणाला.